जाताना दिसलाच नाही असा फाटा

अनवट

मंडळी, गेल्या रविवारचा प्रकार अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, पण पूर्ण वाचून मग सांगा.

मी आठ वर्षं चालतेय. कडे, दोर, गिर्यारोहण यातलं काही नाही. शहराला लागून जे जंगल आहे त्यात सकाळी शिरायचं आणि दुपारनंतर घरी परतायचं, एवढंच. या वाटेवर आधी दोनदा ग्रुपबरोबर गेले होते, एकटीने पहिल्यांदाच. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, चढ साधारण साडेचारशे मीटर. सकाळी आठला निघायचं ठरवलं होतं, पण घरातली कामं आवरता आवरता चालायला सुरुवात केली तेव्हा अकरा वाजले होते. माथ्यावर सव्वादोनला पोचले. हवा सुरेख होती, लांबपर्यंत झाडीच झाडी दिसत होती. तासभर बसले आणि सव्वातीनला उतरायला लागले.

चढताना मला एकही फाटा लागला नव्हता. हे मी अगदी शपथेवर सांगेन. एकच मळलेली वाट, मधून मधून झाडांवर पिवळ्या रंगाची खूण, शंका यायला कुठे जागाच नाही. म्हणून उतरताना मी वाटेकडे फारसं लक्ष न देता चालत होते. तासाभराने एक आडवं पडलेलं झाड लागलं. चांगलं जाड, कमरेएवढ्या उंचीवर. त्यावर चढून पलीकडे उतरले आणि मग जाणवलं, येताना तर हे ओलांडलं नव्हतं. पहिला विचार आला की आत्ताच पडलं असेल. पण हात टेकला होता तिथे मऊ, ओलं शेवाळ होतं, बोटं त्यात रुतली होती. सालीच्या भेगांतून अळंब्यांचे पांढरे थर बाहेर आले होते. बुंध्याच्या खालच्या बाजूने नेचाची रोपं वर आली होती. ते झाड कित्येक पावसाळे तिथे पडून असणार. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही स्वतःला म्हटलं, "सकाळी गप्पा नव्हत्या, विचारात होतीस, लक्षात राहिलं नसेल." आणि पुढे चालत राहिले.

आणखी पंचवीस मिनिटांनी वाट बारीक होत होत एका ओढ्यापाशी संपली. पलीकडे काहीच नाही. पण खालून गाड्यांचा आवाज येत होता. अगदी स्पष्ट, हॉर्नसुद्धा. मला वाटलं, रस्ता जवळच आहे, सरळ आवाजाच्या दिशेने उतरू. अर्धा तास झुडपांतून घसरत उतरले आणि पुढे एकदम तुटलेला उतार आला. फोनवरचा निळा ठिपका कधी ओढ्याच्या या बाजूला, कधी त्या बाजूला. बॅटरी नऊ टक्के. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

शेवटी जिथून आले तिथूनच वर चढले, ते झाड पुन्हा ओलांडलं, पिवळी खूण दिसेपर्यंत मागे गेले. तेव्हा साडेसहा झाले होते, सूर्य मावळून दहा मिनिटं झाली होती आणि झाडीत तर काळोखच होता. पुढचा सव्वा तास फोनच्या उजेडात, दर पाच मिनिटांनी तो बंद करून बॅटरी वाचवत उतरले. बाहेर आले तेव्हा पावणेआठ. नवरा पार्किंगमध्ये उभा होता. एक शब्द बोलला नाही, फक्त हातातली सॅक घेतली.

आता विचारायचं ते असं. एक, फाटा नसताना मी दुसऱ्या वाटेला लागलेच कशी? दोन, माझ्यासारखीने एकटीने जाणं सोडून द्यावं का? घरात सगळे तेच म्हणताहेत, आणि मला ते पटवून घेता येत नाही. एकटीने चालण्यात मला जे मिळतं ते ग्रुपमध्ये मिळत नाही. तीन, तुम्ही लोक काय करता?

पाऊलखूण

आधी सुखरूप आलात याचं बरं वाटलं. एकच सांगते. तुम्ही जिथून आलात तिथूनच परत वर चढलात, हा त्या दिवसातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. दमलेलं असताना उतरलेला उतार पुन्हा चढायला मन तयार होत नाही. मी अशा वेळी चढले नव्हते, आणि घोटा दुखावून घेतला होता.

हेडटॉर्च सॅकमध्ये कायम ठेवा. सकाळी सातला निघून दुपारी बाराला परतायचं असलं तरी. फोनचा उजेड हातात धरावा लागतो, म्हणजे एक हात गेला, आणि उतारावर दोन्ही हात लागतात. शिवाय उजेड लावायचा-बंद करायचा हा प्रकार डोळ्यांना फार जड जातो. अंधाराला डोळे बऱ्यापैकी सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा एकदा पाहिला की ते सगळं परत पहिल्यापासून.

जुनी वाट

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं.

फाटा होता. पण जाताना तो तुम्हाला दिसणं जवळपास अशक्य होतं. डोळ्यांपुढे असं चित्र आणा. तुम्ही वर चढताय आणि एक दुसरी वाट खालून, तुमच्या मागच्या बाजूने तिरकी येऊन तुमच्या वाटेला मिळते. चढताना नजर असते समोर, पायाखाली. खांद्यामागून येऊन मिळणाऱ्या वाटेकडे कोण बघतं? तुमच्यासाठी तिथे वाट एकच आहे. आता तीच जागा वरून उतरताना बघा. समोर दोन वाटा फुटलेल्या दिसतात, दोन्ही सारख्याच मळलेल्या, आणि त्यातली चुकीची वाट बरेचदा जास्त सरळ असते, म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात. जाताना जो जोड होता तो येताना फाटा झाला. तुम्ही 'इथे फाटा नाही' हे मनात पक्कं धरून उतरत होतात, म्हणून तो समोर येऊनही दिसला नाही.

मी बरीच वर्षं एका स्वयंसेवी शोधपथकाबरोबर जंगलात फिरलोय. शहराजवळच्या रानात चुकलेल्या माणसांना शोधायला गेलो की सुरुवात आम्ही अशाच जागांपासून करायचो. माणूस परतीच्या वाटेवर चुकतो, आणि तोही ओळखीच्या वाटेवर. अनोळखी जंगलात तो जपून असतो.

यावर मला ठाऊक असलेला एकच खात्रीचा उपाय म्हणजे चढताना मागे वळून बघणं. दर वळणावर, ओढा ओलांडला की, झाडीतून मोकळ्यात आलं की किंवा मोकळ्यातून झाडीत शिरलं की, थांबायचं, पूर्ण मागे वळायचं आणि ती जागा उतरताना जशी दिसेल तशी बघून घ्यायची. फोटो काढायचा तर तो मागे तोंड करून काढा. पुढच्या देखाव्याचे फोटो घरी दाखवायला छान, परतीला त्यांचा काही उपयोग नाही. मी नुसतं बघत नाही, मोठ्याने बोलतो: "उतरताना दुहेरी बुंध्याच्या झाडाशी डावीकडे." बोललेलं लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट ती पिवळी खूण. खुणा असलेल्या वाटेवर मनात सतत एक प्रश्न चालू ठेवायचा, शेवटची खूण दिसून किती वेळ झाला? दहा मिनिटं झाली आणि खूण नाही, तर तिथेच थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे जा. दहा मिनिटांचं नुकसान होईल. ढोरवाटा, जनावरांच्या वाटा, लाकडं ओढून झालेल्या वाटा सुरुवातीला अगदी खऱ्या वाटेसारख्या असतात, आणि मग तुमच्या त्या वाटेसारख्याच बारीक होत पाण्यापाशी संपतात. जनावराला पाण्यापर्यंतच जायचं असतं.

आणि ते झाड. ताई, तुम्ही शेवाळाचं जे वर्णन केलंय ते वाचून मी दोन मिनिटं थांबलो. तुमच्या बोटांना सगळं कळलं होतं. जंगलात 'हे येताना नव्हतं' असं एकदा जरी मनात आलं, तर त्या जागी बसायचं, पाणी प्यायचं, आणि त्या शंकेला खोटं ठरवण्याऐवजी ती खरी आहे असं धरून चालायचं. मन नेमकं उलट करतं, समोर दिसतंय ते आधीच्या समजुतीत कोंबून बसवतं. शोधात सापडलेल्या माणसांशी बोललोय त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला अशी एक जागा आठवत होती जिथे त्याला कळलं होतं आणि तो पुढे गेला.

गाड्यांच्या आवाजाबद्दल. शहराजवळच्या जंगलाची हीच मोठी फसगत आहे. आवाज येतो म्हणजे रस्ता जवळ, असं नसतं. दरीत आवाज समोरच्या उतारावर आपटून येतो, त्यामुळे दिशाही चुकते. आणि दिशा बरोबर असली तरी मधला उतार चालण्याजोगा आहे हे आवाज सांगत नाही. 'ओढ्याच्या काठाने उतरलं की वस्ती लागते' हेही असंच पसरलेलं वाक्य आहे. पाणी सगळ्यात उभ्या वाटेने उतरतं. ते कड्यावरून उडी मारू शकतं, आपण नाही.

दिशेचं म्हणाल तर, आपल्याला उपजत दिशा कळते यावर विसंबू नका. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि सहकाऱ्यांनी माणसांना घनदाट सपाट जंगलात सरळ चालायला सांगून त्यांचा माग जीपीएसने ठेवला होता. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेलं असताना ते गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना ते कळलंही नाही. झाडीत, ढगाळ दिवशी तुमचीमाझी तीच गत होणार.

फोनचा ठिपका उड्या मारतो कारण दाट पानांतून आणि दरीच्या भिंतींवर आपटून उपग्रहाचे संकेत येतात. मोकळ्या जागी दोन मिनिटं स्थिर उभं राहिलं की तो बराच ताळ्यावर येतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे नकाशा घरीच उतरवून घ्या आणि चालताना फोन विमान मोडवर ठेवा. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी तिथेच संपते. तुमची नऊ टक्क्यांवर आली त्याचं मोठं कारण तेच असेल.

आता वेळेचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब मांडला. आजच्या मापात तो साधारण असा: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तुमची जायची बाजू सहा किलोमीटर आणि साडेचारशे मीटर चढ. म्हणजे एक तास बारा मिनिटं अधिक पंचेचाळीस मिनिटं, दोन तासांना तीन मिनिटं कमी. तुम्हाला लागले सव्वातीन. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, तो हिशेब तंदुरुस्त माणसाचा, बरी वाट आणि न थांबता चालणं धरून आहे. पण यातून तुमचं स्वतःचं प्रमाण मिळतं, दीडपटीहून थोडं जास्त. या प्रमाणाने उतरायला दोन तास धरा.

मग उलटं मोजत या. सूर्यास्त सहा-वीसला. दाट झाडीत त्याच्या तासभर आधीच पायाखालची मुळं दिसेनाशी होतात, म्हणजे पाच-वीस. उतरायला दोन तास, तीन-वीस. वाट चुकण्यासाठी, पाय मुरगळण्यासाठी, बुटाचा तळ निघण्यासाठी एक तास राखीव, दोन-वीस. ही तुमची परत फिरायची वेळ. तुम्ही सव्वादोनला पोचलात, म्हणजे पाच मिनिटं बसून उठायला हवं होतं. सव्वातीनला उठलात तेव्हा राखीव तास माथ्यावरच खर्च झाला होता. मग फाट्याने जे करायचं ते केलं.

ही वेळ घरातून निघताना कागदावर लिहायची आणि माथा शंभर पावलांवर असला तरी ती झाली की फिरायचं. वर पोचल्यावर ठरवू म्हटलं की मन नेहमी अजून थोडं बसायच्या बाजूने बोलतं.

हात लांब करून सूर्य आणि क्षितिजामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं, प्रत्येक बोटाला पंधरा मिनिटं, असं बरेच जण सांगतात. जपून वापरा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो आणि लांब केलेल्या हाताचं एक बोट साधारण दोन अंश झाकतं. सूर्य तिरका उतरतो अशा, विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात हे माप बरं जमतं. जिथे तो जवळजवळ सरळ खाली जातो तिथे बोटाला आठ मिनिटंच मिळतात, आणि तिथे संधिप्रकाशही पटकन संपतो.

एकटीने जावं का? माझं मत, जावं. पण कोणत्या वाटेने, किती वाजता निघणार, किती वाजता फिरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागायची, हे चारही घरी लेखी ठेवून. 'संध्याकाळपर्यंत येते' यावर शोधपथकाला काहीच करता येत नाही. आम्हाला विचारावं लागतं, संध्याकाळ म्हणजे किती? आणि कोणत्या बाजूला?

तीन जणी

'जुनी वाट' काका, मागे वळून बघण्याचं पटलं. माझ्याकडून दोन गोष्टी, कारण मी नऊ आणि सहा वर्षांच्या दोघींना घेऊन जाते.

पोरींना मी एकच नियम पाठ करून घेतलाय: आई दिसेनाशी झाली की जवळचं झाड धरायचं आणि तिथून हलायचं नाही. अमेरिकेत १९८१ साली एक लहान मुलगा जंगलात हरवून दगावला, त्यानंतर मुलांना 'झाडाला मिठी मार' असं शिकवण्याचा कार्यक्रम तिथे सुरू झाला. हलणाऱ्या मुलाला शोधणं फार कठीण, एका जागी असलेलं लवकर सापडतं. दोघींच्या गळ्यात शिट्टी असते. घशाने ओरडून आवाज दहा मिनिटांत बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजवता येते आणि झाडीतून लांब जाते. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून ऐकायचं, आणि पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. आल्प्समध्ये ही पद्धत जुनी आहे. काही देशांत मदतीच्या हाकेलाच तीन फुंका धरतात, पण सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा येणारा आवाज कुठेही कळतो. धाकटीने घरी याचा सराव केला तेव्हा पूर्ण गंभीर चेहऱ्याने घड्याळ समोर धरून केला.

आणि ताई, एक कोरडा गरम थर. तुम्ही अंग घामाने भिजलेलं असताना अंधारात सव्वा तास उतरलात. पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता ओढतं, म्हणून भिजलेला सुती कपडा वाऱ्यात अंगाला अगदी लवकर गारठवतो. त्यासाठी कडाक्याची थंडी असावी लागत नाही. बोटं बधिर झाली की साधी चेनही उघडत नाही. सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक जाड शर्ट आणि विंडचीटर, माझ्याकडे वर्षभर तिथेच असतं.

पाऊलखूण

यावरून आठवलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या खूप दुखल्या असतील तर घाबरू नका. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्यामुळे चढापेक्षा उतारच जास्त दुखवतो आणि तेही उशिरा. उतारावर लहान पावलं टाका, गुडघा थोडा वाकलेला ठेवा, आणि काठ्या असतील तर उतरताना त्या जरा लांब करून घ्या.

अनवट

सगळ्यांचे मनापासून आभार. 'जुनी वाट' काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. दोन-वीसच्या हिशेबाशी तो म्हणाला, "थांब, परत वाच." मांड्या दुखल्या, जिना उतरता येत नव्हता, पाऊलखूण.

आज सकाळी बहिणीला घेऊन पुन्हा गेले. सातला निघालो, फिरायची वेळ कागदावर लिहून एक प्रत घरी, एक खिशात. प्रत्येक वळणावर मागे वळून बघत गेलो आणि चाळीस मिनिटांनी तो सापडला. चढताना खरंच काही दिसत नाही. वाटेच्या उजव्या हाताला एक मोठा खडक आहे आणि दुसरी वाट त्याच्या मागून येऊन मिळते. आम्ही खडक ओलांडून दहा पावलं पुढे गेलो आणि वळलो, तर समोर दोन वाटा. चुकीची रुंद, पाचोळ्याने मऊ झालेली, सरळ खाली उतरणारी. खरी वाट उजवीकडे खडकाला वळसा घालून मुळांवरून जाते, आणि पिवळी खूण आहे ती त्या वळणाच्या पलीकडच्या झाडावर, म्हणजे वरून येणाऱ्याला वळल्याशिवाय दिसतच नाही. खरी वाट कोणती ते न सांगता मी बहिणीला म्हटलं, इथून खाली चल बघू. ती चुकीच्या वाटेला लागली.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आठवडाभर मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

जागेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढलेत, त्या वाटेची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना आजच पाठवतेय, वरून दिसेल अशी एक खूण खडकावर हवी म्हणून. 'तीन जणी', शिट्टी घेतली. काका, एक राहिलं: ढगाळ दिवशी, खुणा नसलेल्या वाटेवर जायचं असेल तर कंपास वापरायला कुठून सुरुवात करू? नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मला थोड्या वाचता येतात.

जुनी वाट

बहिणीला न सांगता चालवून बघितलंत, हे फार चांगलं केलंत. पाटी किंवा खूण बसेपर्यंत वेळ लागेल, तोवर फोटो इथेही टाका, त्या वाटेला जाणारे इतर वाचतील.

कंपासचं असं. आधी खुणा असलेल्या याच वाटेवर, भर दिवसा शिका. नकाशा कंपासप्रमाणे फिरवून धरायचा, म्हणजे नकाशावरची उत्तर आणि जमिनीवरची उत्तर एका रेषेत. मग प्रत्येक वळणावर स्वतःला विचारायचं, आता वाट कोणत्या दिशेला वळायला हवी, चढ कोणत्या हाताला असायला हवा? उत्तर जमिनीशी जुळलं की पुढे. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत जागेनुसार फरक असतो, तो नकाशाच्या कडेला छापलेला असतो, काही ठिकाणी नगण्य तर काही ठिकाणी दहा अंशांहून जास्त. दहा अंश चुकलात तर किलोमीटरभरात पावणेदोनशे मीटर बाजूला जाल. त्या दिवशी तुम्ही फाट्यावर नकाशा असा धरला असता तर कळलं असतं की वाट इथे वळायला हवी आणि ही तर सरळ खाली जातेय.

पाच-सहा वेळा असं करून बघा आणि काय अडतंय ते इथेच लिहा.